दोन लक्ष्ये, एक प्रथिन : तोंडाच्या कर्करोगावरील नवे संशोधन आणि सीमाभाग

बिदर जिल्ह्यातील भालकी, औराद, बसवकल्याण व हुमनाबाद आणि कलबुर्गी (पूर्वीचे गुलबर्गा) जिल्ह्यातील आळंद या तालुक्यांचा व्यवहार कन्नड, मराठी, उर्दू व तेलुगू अशा अनेक भाषांतून चालतो. या भागाचा शेजार एकीकडे लातूर, नांदेड, धाराशिव व सोलापूर या जिल्ह्यांशी, तर दुसरीकडे तेलंगणाशी आहे. भाषा व प्रशासन निरनिराळे असले, तरी तंबाखू, मिश्री, गुटखा आणि सुपारी यांच्या सेवनाची सवय सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच आढळते आणि तिच्यातून उद्भवणारा तोंडाचा कर्करोगही सारखाच आहे. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात ओठ व तोंड यांच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण झाले आणि सुमारे ८० हजार लोक त्याने दगावले.

या रोगावर शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि रासायनिक औषधे हे तीन उपचार दीर्घकाळ प्रचलित आहेत. गेल्या काही वर्षांत त्यांच्या जोडीला प्रथिनांपासून घडविलेली औषधे आली आहेत. एकाच वेळी दोन लक्ष्यांना पकडणारी ‘द्विलक्ष्यी’ प्रथिने ही त्यांतील सर्वांत नवी जात होय. तोंड, घसा व स्वरयंत्र यांच्या कर्करोगासाठी तपासल्या जात असलेल्या अशा एका प्रथिनाचे मूळ कर्नाटक राज्यातच, बंगळूर येथील संशोधनात आहे. हे प्रथिन काय करते, त्याच्याकडून कोणती अपेक्षा धरावी आणि कोणती धरू नये, याची माहिती ग्रामस्थ, शिक्षक व कर्मचारी या सर्वांना असणे उपयुक्त ठरेल.

वाढीचा निरोप

मानवी शरीर अब्जावधी पेशींचे बनलेले आहे. जखम भरून येते, केस व नखे वाढतात, तोंडाच्या आतील त्वचा झिजते आणि पुन्हा नवी येते. ही सर्व कामे पेशींच्या विभाजनाने होतात. मात्र कोणत्याही निरोगी पेशीने मनास येईल तेव्हा विभागावे, अशी मोकळीक शरीराने तिला दिलेली नाही. तिला तसा निरोप यावा लागतो. हा निरोप नेणाऱ्या सूक्ष्म प्रथिनांना ‘वृद्धिघटक’ म्हणतात. निरोप घेण्यासाठी पेशीच्या बाह्य आवरणावर जी प्रथिने उभी असतात, त्यांना ‘ग्राही’ असे नाव आहे. वृद्धिघटक ग्राहीला येऊन चिकटला की ग्राहीचा पेशीच्या आत असलेला भाग जागृत होतो आणि विभाजनाची आज्ञा केंद्रकापर्यंत पोहोचते.

या शोधाची कथा लाळेच्या ग्रंथीपासून सुरू होते. अमेरिकन शास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीतून काढलेले एक द्रव्य नवजात उंदरांना टोचले, तेव्हा त्यांचे डोळे नेहमीपेक्षा बरेच दिवस आधी उघडले आणि दातही लवकर आले. ते द्रव्य १९६२ साली शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. त्वचेच्या बाह्य थरातील पेशींची वाढ ते घडवून आणते, म्हणून त्याला बाह्यत्वचेचा वृद्धिघटक असे नाव मिळाले. या कार्याबद्दल कोहेन यांना रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासह १९८६ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. या वृद्धिघटकाचा निरोप घेणारा ग्राही वैद्यकात ‘ईजीएफआर’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. पुढील विवेचनात हेच नाव वापरले आहे.

निरोपाविना वाढणारी पेशी

कर्करोगाच्या पेशीत ही शिस्त मोडते. काही वेळा ग्राहीच्या जनुकात बिघाड होऊन निरोप आलेला नसतानाही तो जागृत राहतो. काही वेळा एकाच पेशीवर ग्राहींची संख्या बेसुमार वाढते आणि थोड्याशा वृद्धिघटकानेही ती पेशी अखंड विभागू लागते. तोंड व घशाच्या बहुतेक कर्करोगांत ईजीएफआर हा ग्राही मोठ्या संख्येने आढळतो. साहजिकच, या ग्राहीलाच अडविता येईल काय, असा विचार शास्त्रज्ञांपुढे आला.

अडविण्याचे साधन शरीरातच उपलब्ध होते. बाहेरून रोगजंतू आला की रक्तातील विशिष्ट पांढऱ्या पेशी त्याला नेमके चिकटणारे प्रथिन तयार करतात. त्यास प्रतिपिंड म्हणतात. त्याचा आकार साधारण गलोलीच्या बेचक्यासारखा असतो. त्याला दोन सारखे बाहू असतात आणि दोन्ही बाहूंची टोके एकाच लक्ष्याला पकडतात. खालचा दांडा रोगप्रतिकारक पेशींना बोलावण्याचे काम करतो. एकाच जातीचे प्रतिपिंड प्रयोगशाळेत हवे तेवढे तयार करण्याची पद्धत जॉर्जेस कोहलर व सेझार मिलस्टाइन यांनी १९७५ साली शोधून काढली. या पद्धतीमुळे प्रतिपिंडांचा औषध म्हणून उपयोग करण्याचा मार्ग मोकळा झाला.

स्तनाच्या काही कर्करोगांत हर-२ या भगिनी-ग्राहीला अडविणारे ट्रास्टुझुमॅब हे प्रतिपिंड अमेरिकेत १९९८ साली मान्य झाले. भारतात ईजीएफआरला अडविणारे निमोटुझुमॅब हे प्रतिपिंड बंगळूरच्या बायकॉन कंपनीने क्युबातील संशोधन संस्थेच्या सहकार्याने २००६ साली डोके व मान या भागातील कर्करोगासाठी उपलब्ध केले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने ५३६ रुग्णांवर त्याची चाचणी घेतली आणि तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध केले. किरणोपचार व सिस्प्लॅटिन घेणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे ५० टक्के रुग्ण दोन वर्षांपर्यंत रोग न वाढता राहिले. ज्यांना त्याबरोबर निमोटुझुमॅबही दिले होते, त्यांत हे प्रमाण सुमारे ६२ टक्के होते. लाभ निश्चित होता, परंतु प्रत्येकाच्या वाट्याला तो आला नाही.

एक वाट अडविली, तर दुसरी

एका ग्राहीला अडविल्यानंतरही रोग परत का येतो, या प्रश्नाचे उत्तर शेतकऱ्यास समजण्यास अवघड नाही. पाटाचे पाणी एका ठिकाणी बांध घालून अडविले, तर ते दुसरी वाट शोधते. कर्करोगाच्या पेशीवर ईजीएफआरखेरीज इतरही ग्राही असतात. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत ईजीएफआर अडविल्यावर ‘मेट’ नावाच्या दुसऱ्या ग्राहीची संख्या वाढते आणि विभाजनाचा निरोप त्या मार्गाने पोहोचू लागतो. ही गोष्ट २००७ साली स्पष्टपणे दाखविण्यात आली.

दुसरी अडचण पेशीच्या बाहेरची आहे. कर्करोगाच्या गाठीत केवळ रोगट पेशी नसतात, त्यांच्याभोवती चिवट तंतूंचे दाट कुंपण तयार झालेले असते. हे कुंपण उभे करण्यात ‘टीजीएफ-बीटा’ नावाच्या द्रव्याचा मोठा वाटा असतो. हेच द्रव्य शरीराच्या संरक्षक पेशींना मंद करते व गाठीत शिरू देत नाही. गुटखा व सुपारी खाणाऱ्यांचे तोंड हळूहळू कमी उघडू लागते, गालाची आतील त्वचा पांढरट व ताठर होते, तिखट सोसत नाही. त्या विकारात त्वचेखाली जे तंतू साठतात, त्यांच्या निर्मितीतही टीजीएफ-बीटाचा मोठा भाग असल्याचे आढळले आहे. हा विकार पुढे कर्करोगाकडे वळू शकतो.

तेव्हा एकाच औषधाने दोन वाटा एकदम अडवाव्यात, या विचारातून द्विलक्ष्यी प्रथिने पुढे आली.

द्विलक्ष्यी प्रथिन कसे घडवितात ?

प्रतिपिंड हे चार साखळ्यांचे बनलेले असते. त्यांत दोन सारख्या जड आणि दोन सारख्या हलक्या साखळ्या असतात. एक बाहू ईजीएफआरला आणि दुसरा मेटला पकडणारा हवा असेल, तर दोन वेगळ्या जड व दोन वेगळ्या हलक्या साखळ्या लागतात. अशा चार प्रकारच्या साखळ्या एकाच पेशीत तयार होऊन आपोआप जुळू दिल्या, तर दहा निरनिराळ्या जुळण्या संभवतात आणि त्यांपैकी एकच उपयोगाची असते. या अडचणीमुळे ही कल्पना अनेक वर्षे कागदावरच राहिली.

त्यावर निघालेला एक उपाय सुतारकामासारखा आहे. सुतार एका लाकडाला कुसू काढतो व दुसऱ्याला त्याच मापाची खाच पाडतो. मग ती दोनच लाकडे एकमेकांत बसतात. १९९६ साली अमेरिकन संशोधकांनी जनुकात बदल करून एका जड साखळीवर उंचवटा आणि दुसरीवर खाच निर्माण केली, त्यामुळे दोन विजातीय जड साखळ्याच परस्परांत बसू लागल्या. दुसरी रीत अशी की, दोन वेगवेगळी प्रतिपिंडे स्वतंत्रपणे तयार करावयाची, नियंत्रित स्थितीत त्यांची अर्धी अर्धी अंगे सुटी करावयाची आणि मग एकाचे अर्धे अंग दुसऱ्याच्या अर्ध्या अंगाशी जोडावयाचे. तिसरी रीत कलमासारखी आहे. गावठी आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बांधावी, त्याप्रमाणे संपूर्ण प्रतिपिंडाला दुसऱ्या एखाद्या प्रथिनाचा उपयुक्त तुकडा जनुकाच्या पातळीवरच जोडला जातो.

या प्रथिनांचे उत्पादन बहुधा चिनी हॅम्स्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींमध्ये, मोठ्या पोलादी टाक्यांत केले जाते. तापमान, प्राणवायू व शुद्धता यांवर सतत देखरेख ठेवावी लागते. औषध तोंडाने दिल्यास पोटात पचून जाईल, म्हणून ते शिरेतून किंवा त्वचेखाली टोचून दिले जाते. तयार औषध थंड ठेवावे लागते. या सर्व कारणांनी त्याचा खर्च साध्या गोळीच्या कितीतरी पट होतो.

वापरात आलेली औषधे

ईजीएफआर व मेट या दोन्ही ग्राहींना पकडणारे ॲमिव्हँटामॅब हे प्रथिन अमेरिकेत मे २०२१ मध्ये फुप्फुसाच्या एका विशिष्ट कर्करोगासाठी मान्य झाले. ते दोन्ही निरोप अडविते, ग्राहींना पेशीच्या आत ओढून नष्ट करविते आणि संरक्षक पेशींनाही बोलावते. पुढे १,०७४ रुग्णांच्या चाचणीत हे प्रथिन लेझर्टिनिब या गोळीसह देण्यात आले. त्या रुग्णांचा रोग न वाढता राहिलेला मध्यम काळ २३.७ महिने होता, तर ओसिमर्टिनिब ही प्रचलित गोळी घेणाऱ्यांत तो १६.६ महिने होता. हर-२ या ग्राहीच्या दोन वेगळ्या जागा एकदम पकडणारे झॅनिडाटामॅब पित्तमार्गाच्या कर्करोगासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये, तर हर-२ व हर-३ यांना पकडणारे झेनोकुटुझुमॅब स्वादुपिंड व फुप्फुस यांच्या एका विरळ जातीच्या कर्करोगासाठी डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मान्य झाले.

बंगळूरचे प्रथिन

सीमाभागाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे प्रथिन म्हणजे फिसेराफस्प अल्फा होय. बायकॉन या १९७८ साली स्थापन झालेल्या कंपनीच्या संशोधनातून ते पुढे आले. त्याच्या विकासासाठी कंपनीने बायकारा नावाची स्वतंत्र संस्था उभी केली. तिचे मुख्य कार्यालय अमेरिकेतील बोस्टन येथे आहे. हे प्रथिन कलमाच्या रीतीने घडविलेले आहे. त्याचे बाहू ईजीएफआरला पकडतात आणि त्याला जोडलेला तुकडा टीजीएफ-बीटाला पकडून निष्प्रभ करतो. हा तुकडा म्हणजे शरीरातील टीजीएफ-बीटाच्या स्वतःच्या ग्राहीचाच बाहेरचा भाग आहे. ईजीएफआरला धरून प्रथिन गाठीत स्थिरावते आणि तंतूंचे कुंपण ज्या द्रव्याने उभे राहते ते द्रव्य तेथेच अडकते. त्यामुळे संरक्षक पेशींना आत शिरण्यास वाट मिळावी, अशी त्यामागील कल्पना आहे.

डोके व मान या भागातील कर्करोग परत आलेल्या किंवा शरीरात पसरलेल्या रुग्णांना हे प्रथिन पेंब्रोलिझुमॅब या प्रतिकारशक्ती जागविणाऱ्या औषधाबरोबर देण्यात आले. मानवी पॅपिलोमा विषाणूशी ज्यांच्या रोगाचा संबंध नव्हता, अशा सुमारे ४० रुग्णांच्या एका गटाचे निष्कर्ष २०२५ साली मांडण्यात आले. त्यांत निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांच्या गाठी लक्षणीय प्रमाणात लहान झाल्या. केवळ पेंब्रोलिझुमॅब दिल्यास असा परिणाम साधारणपणे पाचांपैकी एका रुग्णात दिसतो. भारतात तंबाखू व सुपारीमुळे होणारे तोंडाचे बहुतेक कर्करोग या विषाणूशी संबंध नसलेल्या वर्गातच मोडतात, म्हणून या निष्कर्षाकडे येथील डॉक्टरांचे लक्ष लागले आहे.

तथापि येथे सावधगिरी आवश्यक आहे. चाळीस रुग्णांच्या गटात मिळालेले यश मोठ्या संख्येत टिकतेच असे नाही. शिवाय या गटाची तुलना त्याच वेळी उपचार घेणाऱ्या दुसऱ्या गटाशी केलेली नव्हती. तशी तुलना करणारी मोठी चाचणी २०२५ साली चालू होती. तिचे निष्कर्ष हाती आल्यावरच या प्रथिनाचे खरे मोल ठरेल. चाचणीबाहेर ते रुग्णांना मिळत नाही. म्हणून ‘नवे इंजेक्शन आले आहे’ असे सांगून कोणी पैसे मागितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

अशी औषधे दुष्परिणामांपासून मुक्तही नाहीत. ईजीएफआर निरोगी त्वचेतही असल्याने तो अडविल्यावर चेहऱ्यावर व छातीवर पुरळ येते, त्वचा कोरडी पडते व नखांच्या कडा सुजतात. टीजीएफ-बीटा अडविल्यावर नाक किंवा हिरड्यांतून रक्त येण्याचा संभव असतो. ॲमिव्हँटामॅबच्या पहिल्या मात्रेच्या वेळी अनेक रुग्णांना थंडी, मळमळ किंवा दम लागणे असा त्रास होतो. म्हणून हे उपचार सर्व सोयी असलेल्या रुग्णालयातच घ्यावे लागतात.

खर्चाचा प्रश्न

औषध सिद्ध होणे आणि ते आळंद किंवा औरादच्या शेतमजुराला मिळणे, या दोन गोष्टींत मोठे अंतर असते. हे अंतर कमी करण्याचे काही प्रयत्न आपल्याच देशात झाले आहेत. टाटा स्मारक रुग्णालयाने ४२२ रुग्णांवर केलेली एक चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. बरे होण्यापलीकडे गेलेल्या डोके व मानेच्या कर्करोगात मेथोट्रेक्सेट व सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्या घेणारे रुग्ण मध्यमतः ७.५ महिने जगले, तर शिरेतून सिस्प्लॅटिन घेणारे ६.१ महिने. या गोळ्यांच्या जोडीला ईजीएफआरला आतून अडविणारी एर्लोटिनिब ही गोळी व निव्होलुमॅब हे महागडे प्रतिपिंड नेहमीच्या मात्रेच्या एक दशांशाहूनही कमी, म्हणजे २० मिलिग्रॅम इतकेच देऊन पुढची चाचणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. एक वर्षानंतर हयात असलेल्या रुग्णांचे प्रमाण निव्होलुमॅबविना सुमारे १६ टक्के होते, ते त्याच्या अल्प मात्रेने सुमारे ४३ टक्क्यांवर गेले. द्विलक्ष्यी प्रथिने उद्या मान्य झाली, तर त्यांच्याही बाबतीत किती मात्रा पुरेशी आहे हा प्रश्न भारतीय रुग्णालयांनाच विचारावा लागेल.

गावाच्या पातळीवर

वरील सर्व औषधे मुख्यतः पुढे गेलेल्या रोगासाठी आहेत. त्यांनी महिने व क्वचित वर्षे मिळतात. याउलट तोंडाचा कर्करोग लहान असतानाच सापडला, तर केवळ शस्त्रक्रियेने अनेक रुग्ण बरे होऊ शकतात. तो सापडण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही, उजेड आणि पाहणारा डोळा एवढे पुरे असते. केरळात १९९६ पासून झालेल्या मोठ्या अभ्यासात आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघर तोंडे तपासली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तंबाखू किंवा मद्य यांचे सेवन करणाऱ्यांतील तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचा अनुभवही बोलका आहे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तेथे १९८७ साली सुरू झाली. नोंदणीचे कर्मचारी गावोगाव जाऊन रोगाची लक्षणे समजावून सांगत असत. त्यानंतर गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्याचे दिसून आले. त्यासाठी कोणतेही नवे औषध लागले नाही, केवळ माहिती पोहोचली.

पुढील लक्षणांपैकी कोणतेही आढळल्यास दुखत नाही म्हणून थांबू नये :

(१) तोंडातील जखम किंवा चट्टा दोन-तीन आठवड्यांत भरून न येणे;

(२) गाल, जीभ वा हिरडीवर पांढरा किंवा लाल डाग असणे;

(३) तोंड पूर्वीपेक्षा कमी उघडणे अथवा तिखट मुळीच न सोसणे;

(४) कारण नसता दात हलू लागणे, गिळताना त्रास होणे किंवा मानेत गाठ लागणे.

तीस वर्षांवरील व्यक्तींची तोंडाची तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमाखाली आरोग्य केंद्रांत करण्यात येते. संशय आल्यास गाठीचा लहानसा तुकडा काढून तपासावा लागतो. तुकडा काढल्याने रोग पसरतो, ही समजूत चुकीची असून तिच्यामुळे अनेकांचे मोलाचे महिने वाया जातात. तुकड्याच्या तपासणीशिवाय रोगाची जात कळत नाही आणि पुढे कोणते औषध लागू पडेल हेही ठरत नाही. उपचारांसाठी बंगळूरच्या किदवाई स्मारक संस्थेचे केंद्र कलबुर्गी येथे आहे. सीमेपलीकडे बार्शी येथे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांना १८००-११-२३५६ या निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी सेवेवर मार्गदर्शन मिळते.

महाराष्ट्रात २०१२ पासून व कर्नाटकात २०१३ पासून गुटख्यावर बंदी आहे. परंतु सुपारी व तंबाखूच्या वेगवेगळ्या पुड्या एकत्र करून खाण्याने बंदीचा हेतू निष्फळ होतो. शाळेतील विज्ञानाच्या तासाला पेशी व प्रथिने हा पाठ शिकविताना शिक्षकांनी हे उदाहरण घ्यावे. वाढीचा निरोप, तो घेणारा ग्राही आणि त्याला अडविणारे प्रतिपिंड या तीन गोष्टी विद्यार्थ्यास समजल्या, तर तो घरी जाऊन मिश्री लावणाऱ्या आजीला आणि तंबाखू मळणाऱ्या काकांना आरशात तोंड पाहावयास सांगू शकेल. बंगळूरच्या प्रयोगशाळेत जन्मलेले प्रथिन भालकीपर्यंत केव्हा पोहोचेल, हे चाचण्यांवर व किमतीवर अवलंबून आहे. भालकीचा रुग्ण डॉक्टरांपर्यंत वेळेवर पोहोचणे मात्र त्याच्या, त्याच्या कुटुंबाच्या आणि गावातील जाणत्या माणसांच्या हाती आहे.